पूर्णेतलं आरमार

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र बघायचा तर आगगाडीत बसून रात्रभर मुंबईकडे जावं लागतं. तरीही विलायत आणि जर्मनी एकमेकांवर डोळे वटारून लढाऊ जहाजं बांधत होते, त्या दिवसांत आमच्याकडेही आरमार उभं राहिलं. एक नव्हे, दोन. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून तेव्हा पाच-सात वर्षं झाली होती. सरकारदप्तरी या आरमारांची नोंद नाही, आणि नाही तेच बरं आहे.

पूर्णा नदीच्या दोन काठांवर दोन गावं. दक्षिणेला टाकळी, उत्तरेला पळसखेड. टाकळीच्या पाठीशी शेगावचा बाजार आणि रेल्वेचं स्टेशन, पळसखेडच्या पाठीशी थेट वरवट बकालपर्यंत पसरलेली काळी जमीन. माल एकीकडे, बाजार दुसरीकडे आणि पावसाळ्याचे चार महिने मधे पूर्णा. जो माल पार नेईल त्याच्या हातात वाट, आणि ज्याच्या हातात वाट त्याला साऱ्या मुलखाचा रामराम.

टाकळीचे रामराव आणि पळसखेडचे पंजाबराव दोघेही नव्याने वर आलेले गृहस्थ. बापांच्या वेळी त्यांना कोणी विचारत नव्हतं, मग कपाशीला भाव आला आणि दोघांच्या डोक्यावर जरीची पागोटी आली. माणूस नवा नवा मोठा झाला की त्याला शेजारी लहान दिसावा लागतो, हा रोग फार जुना आहे. त्यात हे दोघे व्याही. रामरावांची एकुलती एक कोकिळा पंजाबरावांच्या उद्धवला दिलेली. लग्नात दोघांनी एकमेकांना असा काही गळामिठीचा मान दिला होता की पाहणाऱ्यांना वाटलं, आता यांना सोडवावं लागेल.

भांडण तुपावरून झालं. नदीवरचा भोयाचा जुना डोंगा, म्हणजे पार नेणारी लाकडी होडी, कुजला होता म्हणून रामरावांनी नवा करवून घेतला. एका बाजाराच्या दिवशी त्यांनी आधी पलीकडच्या शेतांतला आपल्या गावाचा माल पार लावला आणि पंजाबरावांचे तुपाचे डबे पळसखेडच्या काठावर उन्हात थांबले. तूप वितळलं, गळालं आणि गावच्या कुत्र्यांनी त्या दिवशी सण साजरा केला. पंजाबरावांनी घरी येऊन पागोटं खुंटीला लावलं आणि म्हणाले, "आता पळसखेडचा माल पळसखेडच्या डोंग्यातून जाईन." महिन्याभरात त्यांचा डोंगा पाण्यात उतरला. रामरावांच्या डोंग्यापेक्षा दोन हात लांब.

इथवर ठीक होतं. दोन डोंगे झाले, लोकांची सोय झाली. पण टाकळीच्या शाळेत लक्ष्मीकांत मास्तर होते, आणि मास्तरांकडे पुण्याहून एक साप्ताहिक येत असे. ते आठवडाभर शिळं होऊन पोचायचं. पण आमच्याकडे बातमी शिळी झाली की मुरते, असं मानायची पद्धत होती. मास्तर पारावर बसून वाचत आणि रामराव डोळे मिटून ऐकत.

"विलायतेच्या लोकांचं म्हणणं आहे," मास्तरांनी एकदा वाचलं, "की दुसऱ्या कुठल्याही दोन राज्यांची मिळून जेवढी लढाऊ जहाजं, तेवढी आपली एकट्याची पाहिजेत. नाही तर समुद्रावरचा व्यापार हातचा जाईल."

रामरावांनी डोळे उघडले. "बरोबर हाये त्याइचं. आपलंबी तसंच पाह्यजे. जा बे कोनी, पंजाबरावचा डोंगा अन् भोयाचा जुना डोंगा, दोन्हीची लांबी मोजून आना."

"भोयाचा डोंगा पालथा पडून राह्यला ना मालक," कोणी तरी म्हणालं, "त्याच्याखाली कुत्री व्याली हाये."

"डोंगा तं हाये ना? मोजा."

कुत्रीनं मोजणाऱ्याचं धोतर फाडलं, पण लांबी आली. दोन्हींची बेरीज करून रामरावांनी दुसरा डोंगा सांगितला.

ही गोष्ट पलीकडे कळायला वेळ लागला नाही. पंजाबरावांनी मास्तरांना बोलावून घेतलं, गुळाचा चहा पाजला आणि विचारलं, "मास्तर, विलायत रामरावनं घेतली म्हंता. मंग मले काय उरलं?"

"जर्मनी आहे," मास्तर म्हणाले.

"लोकं कसे हायेत?"

"मेहनती आहेत. अलीकडेच वर आलेत. पण त्यांचं म्हणणं असं, की समुद्रावर सगळे जुनेच लोक बसलेत, आम्हाला कोणी जागा देत नाही."

पंजाबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माह्यासारखंच!" ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून पळसखेड जर्मनी झालं. मास्तरांना आता एकच अंक दोनदा वाचावा लागे. टाकळीत विलायत वरचढ राहील असा आवाज लावून, पळसखेडला जर्मनी वरचढ राहील असा. दोन्हीकडे चहा मिळायचा, म्हणून त्यांनी तक्रार केली नाही. शिकलेला माणूस आग लावत नाही, हे खरं. तो फक्त फुंकर घालतो.

पुढच्या दोन पावसाळ्यांत पूर्णेवर पाचाचे सात आणि साताचे नऊ डोंगे झाले. एवढी माणसं नदी ओलांडणारी नव्हती, म्हणून माणसांची ओढाताण सुरू झाली. टाकळीच्या डोंग्यात उतराईचे, म्हणजे पार नेण्याचे, पैसे माफ झाले. पळसखेडच्या डोंग्यात उतराई माफ आणि वर मूठभर फुटाणे. मग टाकळीनं फुटाण्यांत गूळ घातला. काही रिकामटेकडे तर नुसते फुटाण्यांसाठी दिवसभर इकडून तिकडे जात-येत राहिले आणि नदीकाठी राहून गुटगुटीत झाले. आमचा मुलूख खारपाणपट्ट्याचा, विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. तेव्हा एक जण पंजाबरावांना म्हणाला, "मालक, जमिनीखाली समुद्रच हाये आपल्या. म्हून तं आपल्याले आरमार शोभते." पंजाबरावांनी त्याला दुप्पट फुटाणे दिले.

तिसऱ्या पावसाळ्यात मास्तरांनी बंदरं बंद करण्याची काहीशी बातमी वाचली. कोणी कोणाची बंद केली होती ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी टाकळीच्या घाटाला पळसखेडचा डोंगा लागायचा नाही असा रामरावांचा हुकूम निघाला, आणि संध्याकाळी पळसखेडच्या घाटाला टाकळीचा डोंगा लागायचा नाही असा पंजाबरावांचा. नदी ओलांडायची ती कशी? तर टाकळीच्या डोंग्यातून मधोमध जायचं, तिथे पळसखेडचा डोंगा येणार, आणि भर धारेत या डोंग्यातून त्या डोंग्यात उडी मारायची. बाया, म्हातारे, शेळ्या, कोंबड्या, मुगाची पोती, सारं उड्या मारून जाऊ लागलं. वांग्यांच्या टोपल्या किती वाहून गेल्या त्याला गणतीच नाही. खालच्या अंगाच्या गावांना तो पावसाळा भाजीचा फार चांगला गेला.

आणि त्याच पावसाळ्यात कोकिळाला दिवस गेलेले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातव्या महिन्यात माहेरचा मुराळी यायचा, लेकीला घेऊन जायचा. आठवा लागला की पोटुशीनं नदी ओलांडायची नाही, हीदेखील रीतच. कोकिळाचा सातवा दसऱ्याला सरत होता. सात महिन्यांच्या बाईला भर धारेत या डोंग्यातून त्या डोंग्यात उडी मार म्हणायची कोणाची छाती नव्हती. म्हणजे एकाच डोंग्यानं तिला या काठावरून त्या काठाला न्यायला हवं होतं. कोणाचा तरी एक डोंगा दुसऱ्याच्या घाटाला लागायला हवा होता.

रामरावांनी रीतीप्रमाणे मुराळी धाडला. कोकिळाचा चुलतभाऊ शालिग्राम, हातात कानवल्यांची टोपली. तो मधोमध गेला, तिथे पळसखेडच्या डोंग्यानं सांगितलं, फुटाणे खायला यायचं तर या, पण टाकळीचे मुराळी म्हणून यायचं तर जागा नाही. शालिग्राम परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला परतला तेव्हा टोपली हलकी झाली होती आणि त्याला नदीचा प्रवास आवडायला लागला होता.

गोजरबाई, म्हणजे पंजाबरावांची बायको, कोकिळाची सासू, नवऱ्याला म्हणाली, "आवो, येऊ द्या ना तिच्या बापाचा डोंगा घाटाले. एका दिवसाचं तं काम हाये."

"आज डोंगा येईन, उद्या गोदाम येईन, परवा झेंडा लागन," पंजाबराव म्हणाले. "हे सारे असेच येतात. मास्तरले विचार."

"ज्यानं आपली पोरगी देल्ली त्याचा झेंडा लागला काय अन् नाही लागला काय!"

पंजाबरावांनी पागोटं चढवलं आणि ते घाटाकडे निघाले. ज्या प्रश्नाला उत्तर नसतं तो प्रश्न बायकी असतो, असं त्यांचं मत होतं.

तिकडे टाकळीत कोकिळाची आई मनकर्णाबाई रामरावांना म्हणत होती, "मंग त्याइच्याच डोंग्यात येऊ द्या पोरीले."

"माह्या पोरीले आनाले दुसऱ्याचा डोंगा? लोकं म्हनतीन, रामरावजोळ डोंगा नव्हता."

"नदीत नऊ डोंगे हायेत, अन् पोरगी त्या काठाले!" मनकर्णाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. रामरावांना वाईट वाटलं नाही असं नाही. फार वाटलं. आणि वाईट वाटल्यावर त्यांना एकच उपाय सुचे. त्यांनी सुताराला बोलावणं धाडलं.

त्यांनी ठरवलं ते असं: दोन मोठे डोंगे जोडायचे, वर फळ्यांचा तळ ठोकायचा, तळावर बायकांना नेतात तशी छपराची दमणी, दमणीत गादी, गादीवर कोकिळा. एवढं मोठं तारू पळसखेडच्या घाटाला येताना दिसलं की अडवायची कोणाची हिंमत होणार नाही. दसऱ्याला ते पाण्यात उतरवायचं. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून काठावर, पाण्याला लागून, पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचे, उंच तट्टे चारी बाजूंनी उभे केले आणि आत ठोकाठोक सुरू झाली.

तट्टे दिसल्याबरोबर पंजाबरावांनी ओळखलं. आठ दिवसांत त्यांच्या काठावरही तट्टे उभे राहिले. सुनेला आपल्याच तारवातून, आपल्या मानानं टाकळीच्या घाटावर उतरवायची, मग रामराव काय करतो बघू. दमणी त्यांचीही, गादी त्यांचीही, पण वर झालर. दोघे दिवसभर तट्ट्यांच्या आत असत आणि भोकांतून समोरचे तट्टे बघत. समोरच्या तट्ट्यांतून ठोकल्याचा आवाज आला की आपल्याकडे जास्त जोरात ठोकायचं.

कोकिळाला मात्र भीती वाटत होती. सासर वाईट नव्हतं, गोजरबाई तर तिला पाणी शेंदू देत नव्हती, उद्धव बाजारातून पेरू आणून गुपचूप उशाशी ठेवायचा. पण त्याची बापापुढे बोलायची प्राज्ञा नव्हती, आणि पेरूंनी भीती जात नाही. पोटातलं मूल हललं की तिला आईची आठवण यायची. त्या वेळी आईचा हात हातात असावा, एवढंच तिला हवं होतं. तो हात नदीपलीकडे होता.

म्हणून ती रोज सकाळी घाटावर जाऊन बसायची. समोरच्या काठावर मनकर्णाबाई धुणं घेऊन यायची. भादव्यात पूर्णा दोन्ही थड्या भरून होती. आईचं हिरवं लुगडं तेवढं ठिपक्यासारखं दिसायचं आणि हाक मारली तर पाण्याच्या घोंगाटात विरून जायची. मग घट बसले. एका सकाळी कोकिळाला धुणं आपटल्याचा आवाज ऐकू आला. दोन दिवसांनी आईचं कपाळ दिसलं, कुंकवासकट. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्यावरून शब्द आले, "जेवली का वं, माय?"

कोकिळा धावतच घरी आली. "आत्याबाई, माही माय रोज जवळ येऊन राह्यली."

गोजरबाईला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. ती तिच्यासोबत घाटावर गेली आणि बघत राहिली. मनकर्णाबाई कुठे येत नव्हती. ती धुणं धूत होती, आणि धुणं पाण्याच्या कडेलाच धुवावं लागतं. कड रोज आत सरकत होती. पाऊस केव्हाच गेला होता. पूर्णा ओसरत होती. वरच्या अंगाला, हिवाळ्यात जिथून बैलगाड्या जातात त्या उताराची वाळू पाठ वर काढू लागली होती.

सासू-सून एकमेकींकडे बघून हसल्या. तट्ट्यांच्या आत जाऊन सांगावं असं दोघींच्याही मनात आलं नाही. सांगितलं असतं तर त्या दोघांनी पाणी कुठे गेलं याचा दोष एकमेकांना दिला असता आणि दसरा निघून गेला असता. मनकर्णाबाईला मात्र कोकिळानं काठावरून ओरडून सांगितलं. ते साऱ्या घाटानं ऐकलं, आणि घाटावर बायाच होत्या.

दसरा उजाडला. दोन्ही काठांवर डफडी वाजू लागली. तारवांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटले, झेंडूच्या माळा चढल्या. लक्ष्मीकांत मास्तरांनी कोणत्या काठावर उभं राहावं या विचारात घरीच राहणं पसंत केलं. रामराव नवं पागोटं घालून तारवावर चढले, नाकाशी उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. तट्टे पडले. त्याच वेळी समोर पंजाबरावांचेही तट्टे पडले.

दोघांनी आधी एकमेकांची तारवं पाहिली. दोन्ही दांडगी होती, दोन्हींवर दमणी होती. पंजाबरावांनी झालरीकडे बोट दाखवून मिशीवर हात फिरवला. मग दोघांचीही नजर खाली गेली.

काठापासून पाण्यापर्यंत नुसता गाळ होता, काळा, लोण्यासारखा. पाणी लांब, मधोमध, एखाद्या पाटासारखं वाहत होतं. एवढे दिवस दोघांनी एकमेकांचे तट्टे पाहिले होते, नदी कोणीच पाहिली नव्हती.

पण डफडी वाजत होती आणि दोन्ही गावं बघत होती. आता मागे कोण हटणार? "लोटा!" रामराव ओरडले. "लोटा बे!" पंजाबराव त्याहून मोठ्यानं ओरडले. माणसांनी खांदे लावले. तारवं उतारावरून सुटली, गाळात घुसली आणि बसली. बसली ती अशी, की पुढे जाईनात, मागे येईनात. दोन्ही बाजूंच्या चिखलात दोन सेनापती नाकाशी उभे, आणि मधे गुडघाभर पूर्णा.

तेवढ्यात वरच्या उताराकडे कोणाचं तरी लक्ष गेलं आणि डफडं थांबलं.

कोकिळा पाण्यात उतरली होती. एका हातानं लुगडं वर धरलेलं, दुसरा हात गोजरबाईच्या हातात. मागे उद्धव डोक्यावर गाठोडं घेऊन. समोरच्या काठावरून मनकर्णाबाई पाण्यात आली होती, भराभर, पायाखाली न बघता. मधोमध तिनं लेकीचा दुसरा हात धरला आणि दोघी तिथेच पाण्यात उभ्या राहून रडू लागल्या. गोजरबाईही रडू लागली. उद्धवनं गाठोडं डोक्यावरून खांद्यावर घेतलं, कारण त्याला काय करावं ते कळेना.

"कोकिळे!" रामराव ओरडले. "थांब तिथीच! डोंगा आनतो!"

माणसांनी बांबू रोवून जोर लावला. तारू हललं नाही.

"सूनबाई, थांब!" पंजाबराव ओरडले. "दमनी हाये! गादी हाये!"

त्यांचंही तारू हललं नाही.

कोकिळा सासऱ्यापुढे कधी मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशीही तिनं पदर नीट पुढे ओढला, सासऱ्याकडे पाठ केली आणि दोन्ही गावांना ऐकू जाईल अशा आवाजात बापाला म्हणाली, "बाबा, तुमची लढाई चालू द्या. मामाजीलेबी सांगा, चालू द्या म्हना. मी घरी जाऊन राह्यली."

आणि ती गेली. तिच्यामागे टाकळीच्या बाया हसत, डोळे पुसत गेल्या. मग तारू लोटणारी माणसंही एकेक करून पांगली, कारण दसऱ्याचं जेवण थंड होत होतं. फुटाणेवाले तर सगळ्यांत आधी गेले.

नदीवर दोघेच उरले.

"इवाईबुवा, उतरता काय?" शेवटी रामराव म्हणाले.

"तुमी आधी."

"माह्याकडे काई घाई नाई."

"माह्याकडे तं बिलकूल नाई."

ऊन कललं. दोघांनाही भूक लागली होती. दोघांच्याही घरात पुरण शिजलं होतं. टाकळीकडून लोकांच्या हसण्याचा आवाज येत होता आणि त्यात कोकिळाचा आवाज ओळखू येत होता. रामरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. थोड्या वेळानं पंजाबरावांनीही काढलं.

दिवे लागायच्या वेळी रामरावांच्या दाराशी दोन माणसं उभी होती, कमरेपर्यंत चिखलानं काळी, पायांतले जोडे गाळात गेलेली. त्यातला रामराव कोणता आणि पंजाबराव कोणता, हे मनकर्णाबाईला पटकन कळलं नाही. कोकिळा आईच्या शेजारी ओसरीवर बसली होती. ती उठली, आतून पाण्याच्या दोन बादल्या मागवल्या आणि पायरीवर ठेवायला सांगितल्या.

"पाय धुऊन या," ती म्हणाली. "पानं वाढली हायेत."

आधी कोण उतरलं, हे तिनं विचारलं नाही. दोघेही वाटभर त्याचंच उत्तर जुळवत आले होते.